रचलेलं म्हणून खोटं?

आत्मकथनांबद्दलचा एक वाद सोलापुरात वरचेवर कानावर येतो. वाचनालयातल्या गप्पांत, महाविद्यालयांच्या चर्चासत्रांत, एखाद्या पुस्तकाच्या प्रकाशनानंतर हुतात्मा स्मृती मंदिराबाहेर रेंगाळणाऱ्या घोळक्यात. एक बाजू म्हणते, या पुस्तकांत फार रचना आहे. पन्नास वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः कुणाला आठवतात? प्रसंग असे नेमके जागच्या जागी कसे येतात? म्हणजे हे बनवलेलं आहे. दुसरी बाजू तावातावाने उत्तर देते, यात रचना-बिचना काही नाही, जगलेलं जसंच्या तसं कागदावर उतरलंय, म्हणून तर ते खरं आहे. दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण मुळात त्यांचं एकमतच आहे: रचलेलं ते खोटं, न रचलेलं ते खरं. माझं भांडण या एकमताशी आहे.

माझं म्हणणं असं की आत्मकथन रचल्याशिवाय लिहिताच येत नाही, आणि लेखक खरा की खोटा याची परीक्षाही त्या रचनेतच होते. सुरुवात कुठून करायची, कुणाच्या तोंडून सांगायचं, आठ वर्षांच्या पोराला तेव्हा जे कळत नव्हतं ते आज कळतं म्हणून लगेच सांगून टाकायचं की त्याला कळेपर्यंत थांबायचं, आईच्या तोंडी तिची बोली ठेवायची की शाळेतली मराठी, कुठे गप्प बसायचं, हे ठरवल्याशिवाय पहिलं वाक्यदेखील उतरत नाही. ज्याला वाटतं की आपण काहीच ठरवलं नाही, त्याच्या वतीने सवयीने ठरवलेलं असतं. वाचलेल्या पुस्तकांनी, ऐकलेल्या भाषणांनी, वाचकाला काय रुचेल याच्या अंदाजाने. मग विचार करून केलेली निवड संशयास्पद आणि सवयीने झालेली निवड निर्मळ, हा न्याय कुठला?

सोलापूरकरांनी तर हा प्रश्न जास्तच मनावर घ्यायला हवा. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ साली आलं. सांगोला तालुक्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८६ साली. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे डॉक्टर किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली. एका जिल्ह्याच्या तीन टोकांवरून दहा वर्षांत आलेली ही तीन पुस्तकं. आणि त्यांच्याबद्दल आपण बोलतो काय? ‘किती भयानक जगले हो!’ ते खरंच आहे. पण ते जगणं सांगितलं कसं, यावर चार वाक्यं बोलायची वेळ आली की सभागृह चहाकडे वळतं.

शांताबाईंचंच घ्या. १९२३ चा जन्म. सोलापूर जिल्ह्यातल्या पहिल्या दलित शिक्षिका म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९४२ पासून त्या जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिकवू लागल्या आणि हे पुस्तक त्यांनी निवृत्तीनंतर लिहिलं. आयुष्यभर पोरांना शाळेची मराठी शिकवलेल्या या बाईंनी स्वतःच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र ‘माज्या जल्माची’ असंच ठेवलं. ‘जसंच्या तसं उतरलंय’ म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, त्यांना प्रमाण मराठी येत नव्हती का? तीच तर त्यांची भाकरी होती. येत असलेली भाषा बाजूला ठेवून त्यांनी आपल्या माणसांची भाषा घेतली, आणि ही निवड एका जाणत्या लेखिकेची आहे. ती न पाहता ‘किती साधं, किती उत्स्फूर्त’ म्हणणं म्हणजे कौतुक करता करता त्यांची बुद्धी नाकारणं.

‘अक्करमाशी’ आलं तेव्हा लिंबाळे अठ्ठावीस वर्षांचे होते. आई महार, जन्मदाता लिंगायत पाटील, आणि आजीच्या घरात ज्याने माया लावली तो दादा मुसलमान. आता मराठीतल्या जुन्या आत्मचरित्रांची पहिली प्रकरणं आठवा: मूळ गाव, घराणं, आजोबांची करारी वृत्ती, वडिलांची शिस्त. ज्याचं घराणं कोणतं हाच प्रश्न आहे त्याने ही सुरुवात कशी करावी? म्हणून त्या पुस्तकात प्रश्नांमागून प्रश्न येतात. माझी जात कोणती, माझं गाव कोणतं, मी कुणाचा? हे प्रश्न भाषणातल्यासारखे टाळ्यांसाठी आलेले नाहीत. विधानार्थी वाक्य लिहायला पायाखाली जमीन लागते. ती नसलेल्या माणसाला प्रश्नार्थक वाक्यच खरं बोलता येतं. त्याआधी १९७८ मध्ये ‘बलुतं’त दया पवारांनी स्वतःचे दोन भाग केले होते. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. शिकून पांढरपेशांत आलेला आणि महारवाड्यात वाढलेला, हे दोघे एका ‘मी’मध्ये मावत नव्हते. तिथे सलग, शांत, एकसुरी ‘मी’ वापरला असता तर प्रत्येक घटना खरी असूनही पुस्तक खोटं पडलं असतं.

आता समोरच्यांचं सगळ्यात वजनदार म्हणणं. शैली, तंत्र, कलात्मकता हे शब्द काही निरागस नाहीत. दलित लेखन पुढे येऊ लागलं तेव्हा याच शब्दांनी त्याला उंबऱ्याबाहेर थोपवलं गेलं: अनुभव दाहक आहे हो, पण कला कुठे आहे? लिंबाळ्यांना पुढे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहावं लागलं ते या मोजपट्टीला उत्तर म्हणूनच. ज्यांनी हे सोसलं त्यांना शैलीची चर्चा सुरू झाली की संताप येणार. तो संताप मला पूर्ण मान्य आहे. पण त्या संतापात ‘आमच्याकडे शैली नाहीच, आमच्याकडे सत्य आहे’ असं उत्तर दिलं की समोरच्याने केलेली वाटणीच आपण सही करून घेतो: कला त्यांची, यातना आमच्या. कोर्टात साक्षीदार काय पाहिलं तेवढं सांगतो. त्याचा अर्थ लावायचा हक्क वकिलाचा आणि न्यायाधीशाचा. चाळीस वर्षं आपण या लेखकांना त्या पिंजऱ्यात उभं करून ठेवलंय. त्यांनी आपल्या जगण्याचा अर्थ स्वतः लावला, वाक्यावाक्याला लावला, हे कबूल करायचं तर त्यांच्या तंत्राबद्दल बोलावंच लागेल. मोजपट्टी मात्र त्यांच्या पुस्तकांतून काढावी लागेल, बाहेरून आणून चालणार नाही.

आणखी एक मत शिकलेल्या लोकांत फार लोकप्रिय आहे: कोरडी नोंद सगळ्यात विश्वासार्ह. विशेषणं नकोत, संवाद नकोत, तारीख-वार द्या, बाकी वाचक बघून घेईल. याला उत्तर शोधायला सोलापूरकराला शहराबाहेर जावं लागत नाही. इथल्या एका वस्तीला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. त्या कायद्याने आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी ज्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, ती कुटुंबं इथे तारेच्या कुंपणाआड ठेवली होती. १९५२ मध्ये त्या जमाती विमुक्त झाल्या. त्या कारभाराचं लेखन कसं होतं? नोंदवही, हजेरी, बोटांचे ठसे. अलंकार नाही, भावना नाही, पाल्हाळ नाही. आणि त्या प्रत्येक कोरड्या नोंदीच्या बुडाशी एक प्रचंड असत्य होतं: पाळण्यातलं मूलही चोरच असतं. ज्यांना वाटतं की शैली काढून टाकली की मागे शुद्ध सत्य उरतं, त्यांनी या वस्तीचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा. पुढे भटक्या-विमुक्तांमधून लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ (१९८७) आलं. गायकवाड चोरी लपवत नाहीत. घरातली चूल कशावर पेटत होती ते उघड सांगतात. दफ्तरात होतं तेच पुस्तकातही आहे. बदलली ती सांगणाऱ्याची जागा. पोलीस दारातून आत पाहत होता. हा मुलगा घरातून दाराकडे पाहतो, आणि त्या दारात काठी घेऊन कोण उभं आहे ते वाचकाला पहिल्यांदा दिसतं. याला तंत्र म्हणायचं नाही तर कशाला?

संवादांचा आक्षेप मात्र मी झटकणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी आजी नेमकं काय बोलली ते कुणालाही शब्दशः आठवत नाही. पुस्तकातलं तिचं वाक्य लेखकाने घडवलेलं असतं. पण म्हणून ते खोटं का? आपल्या पंढरीच्या वाटेवर ज्यांचं नाव रोज घेतलं जातं त्या तुकोबांनी स्वतःची कहाणी एका अभंगात सांगितली आहे. आधी संकोच: ‘नये बोलों परि पाळिलें वचन’. संतांनी विचारलं म्हणून सांगतो, नाहीतर सांगितलं नसतं. मग संसार, मायबापांचं जाणं, आणि ही ओळ: ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ बायकोच्या मरणाला अर्धी ओळ. त्या अर्ध्या ओळीत ‘अन्न अन्न’ हे तिचे शब्द. ती नेमकं एवढंच बोलली का, किती वेळा बोलली, शेवटच्या घटकेला बोलली की आदल्या रात्री, असं विचारायला आपण धजत नाही. ते दोन शब्द अर्ध्या ओळीत असे बसले आहेत की संबंध दुष्काळ त्यांतून ऐकू येतो. हात राखून सांगणं हे तिथलं तंत्र आहे. तुकोबांनी तोच प्रसंग दहा ओळी रडून सांगितला असता तर तो अधिक प्रामाणिक ठरला असता का?

एक हद्द मात्र आहे आणि ती मी मानतो. आठवणीतला आशय धरून वाक्य घडवणं वेगळं आणि न घडलेला अपमान किंवा न मिळवलेला विजय घुसडणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर वाचकाला आधी सांगावं. आनंद यादवांचं ‘झोंबी’ (१९८७) आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून आलं. कागलच्या त्या मुलाचं शिक्षणासाठीचं झगडणं वाचताना आपल्याला करार ठाऊक असतो. ज्याला कल्पनेची मोकळीक हवी त्याने तो करार मुखपृष्ठावरच करावा.

साचा ही दुसरी खरी तक्रार. पहिल्या मोठ्या पुस्तकांना यश मिळालं आणि एक ठरीव वाट तयार झाली: भूक, अपमान, एक सहृदय मास्तर, शिष्यवृत्ती, नोकरी, शेवटी सत्कार. वाचकही त्या क्रमाची वाट पाहू लागले. हाच साचा दुसऱ्या कपड्यांत निवृत्त अधिकाऱ्यांच्या, संस्थाचालकांच्या स्वखर्चाने छापलेल्या आत्मचरित्रांत भेटतो: बदल्यांची यादी, साहेबांची शाबासकी, पत्नीला एका परिच्छेदात धन्यवाद. प्रस्तावनेत वाक्य ठरलेलं, ‘मी काही साहित्यिक नाही, जे घडलं ते लिहिलं.’ या पुस्तकांचा कंटाळा आलेले लोक म्हणतात, पाहा, तंत्राने आत्मकथनाचा घात केला. मला नेमकं उलटं दिसतं. इथे तंत्राचा विचारच झालेला नाही, म्हणून तयार साचा आपोआप येऊन बसला. सत्काराने शेवट का करायचा, हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारलाच नाही.

ज्यांनी असे प्रश्न स्वतःला विचारले त्यांच्याकडे जा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात आली. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला, संसार मोडला, काही वर्षांनी पुन्हा जुळला, त्याही पुढे ख्रिस्ती झाल्या. म्हातारपणी लिहिताना त्यांना सगळं माहीत होतं: सोवळं-ओवळं किती पोकळ, जात किती निरर्थक. तरी पुस्तकातली तरुण लक्ष्मी आधीपासून शहाणी नाही. ती विटाळाला घाबरते, रडते, हट्ट करते, आणि एकेक पकड तिच्या हातून सुटताना आपण पाहतो. म्हाताऱ्या लक्ष्मीबाई तिला पुढून ओढत नाहीत, तिच्यावर हसतात तेही मायेने. सगळ्या आत्मकथनांत मला सगळ्यात अवघड वाटतं ते हेच. आजच्या स्वतःला कालच्या स्वतःच्या तोंडून बोलू न देणं. नेमकं इथेच आपले बहुतेक आत्मचरित्रकार घसरतात. त्यांना सातव्या वर्षीच समाजातली विषमता कळलेली असते.

गप्प राहण्याचं काय? फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं. त्या पुस्तकात नवऱ्याच्या मारहाणीला फारशी जागा नाही. ती गोष्ट त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितली. मग पुस्तक अप्रामाणिक का? त्यांनी ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ घेतलं होतं, संबंध महारवाड्याचं जिणं सांगायचं ठरवलं होतं, आणि त्या वस्तीत सुनांचा छळ कसा होई ते तर त्यांनी काहीही न झाकता मांडलंय. स्वतःचा घाव त्यांनी सगळ्यांच्या घावांत ठेवला. पटो न पटो, तो निवाडा त्यांनी डोळे उघडे ठेवून केला होता. याच्या अगदी विरुद्ध बाजूला किशोर काळे. आईने सोडून जाण्याची जखम ते उघडी करतात आणि त्याच आईचं नाव स्वतःच्या नावात, मुखपृष्ठावर, मधोमध ठेवतात. पुस्तकातल्या आईला उत्तर देता येत नाही ही आत्मकथनातली सगळ्यात मोठी अडचण आहे, आणि ज्यांच्याविषयी लिहिलं जातं त्यांच्यावर अन्याय होतो ही तक्रार करणारे चूक नाहीत. पण तो अन्याय कमी कशाने होतो? समोरच्या माणसाला पानावर त्याच्या बाजूने उभं राहायला जागा दिल्याने. ती जागा नुसत्या चांगल्या हेतूने मिळत नाही. दुसऱ्याचं बोलणं त्याच्या वळणाने लिहिता यावं लागतं.

आणि हे सगळं सोलापुरात आज तातडीचं आहे. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, सगळ्यांचे भोंगे बंद होऊन वर्षं लोटली. तिथे पाळी केलेली माणसं थकली. पूर्वभागात विड्या वळणाऱ्या हजारो बायकांचं आयुष्य मराठी पुस्तकांत जवळजवळ नाहीच. कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे वारली आदिवासींच्या लढ्याचं अनुभवकथन, आणि त्यात लेखिका नायिका होत नाही. त्या वसाहतीतल्या बाईची गोष्ट कोण सांगणार? घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, शेजारी कन्नड किंवा उर्दू, आणि लिहिण्याची सवय नाही. आता काही तरुण मुलं-मुली मोबाइल घेऊन अशा बायकांचं बोलणं टिपू लागली आहेत. याहून चांगलं काम नाही. पण ती टिपणं मराठीत उतरवताना पहिला मोह होतो तो ‘नीट’ करण्याचा. तेलुगू वळणाची मराठी सरळ करायची, तिने आधी नातवाचं सांगितलं आणि मग लग्नाचं, तर लग्न आधी आणायचं, तीन वेळा सांगितलेला एकच प्रसंग एकदाच ठेवायचा. इथेही मंडळी तेच म्हणतात: यात तंत्र कसलं, आपण फक्त शुद्धलेखन केलं.

हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ १९७० मध्ये पुस्तकरूपात आलं, ते त्यांनी सांगितलेलं आणि पत्रकार अरुण साधूंनी शब्दांत घेतलेलं. ऐकणारा ताकदीचा लेखक होता म्हणून सांगणारीचा आवाज वाचला. विष्णुभट गोडसे सत्तावनच्या बंडात उत्तरेत सापडले, झाशी पाहून आले, आणि सुमारे पंचवीस वर्षांनी ‘माझा प्रवास’ लिहिलं. ते १९०७ साली छापताना चिंतामण विनायक वैद्यांनी त्यावर आपला हात फिरवला. हेतू चांगलाच होता. भटजींचं मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी छापलं ते १९६६ मध्ये. मधली एकोणसाठ वर्षं वाचकांसमोर वैद्यांनी फेरफार केलेला मजकूर होता. मूळ हस्तलिखित जपून ठेवलं होतं म्हणून ही दुरुस्ती शक्य तरी झाली. मोबाइलमधलं रेकॉर्डिंग फोन बदलला की जातं. म्हणून सोलापुरात हे काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे: रेकॉर्डिंगची एक प्रत वाचनालयात किंवा विद्यापीठात ठेवा, बाईंनी ज्या क्रमाने सांगितलं तो क्रम लिहून ठेवा, तेलुगू वाक्यं देवनागरीत तशीच राहू द्या आणि अर्थ शेजारी द्या, आणि पुस्तक निघेल तेव्हा सांगणारीच्या नावाखाली लिहिणाऱ्याचंही नाव स्पष्ट छापा, त्याने काय काय बदललं यासकट.